आधी खुर्च्या मांडाव्या लागतात

चार वर्षांपूर्वी माझ्या अगदी जवळच्या एका मैत्रिणीने आमचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. सकाळी उठून बघितलं तर स्क्रीनवर ती बारीक राखाडी ओळ, अमुक अमुक लेफ्ट, बस, बाकी काही नाही. भांडण आदल्या रात्रीचं, विषय राजकारणाचा, आणि शेवटचा मेसेज माझा होता. मी तो टाइप केला, एकदा वाचला, पाठवायच्या आधी दोन सेकंद थांबलेसुद्धा, आणि मग पाठवलाच. 'तुझ्यासारख्या लोकांमुळेच हे सगळं होतंय.' बावीस वर्षांची मैत्री, माझ्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलात रात्रभर उशाशी बसलेली बाई, आणि मी तिला एका वाक्यात 'लोक' करून टाकलं.

पुढे अबोला. तो असा काही जाहीर होत नाही ना, आज फोन नाही केला, उद्या करू, मग वाढदिवस येतो आणि आपण फोन हातात घेऊन बसतो आणि ठेवून देतो, आणि बघता बघता वर्ष जातं.

त्या वर्षात मी वाचायला लागले. समाजातली दरी, तुटलेली माणसं, त्यांना परत एकत्र कसं आणतात, जगात कुणी काय काय करून बघितलंय. भाषणं मला नको होती. संवाद साधा, पूल बांधा, द्वेष सोडा हे सगळं बरोबरच आहे, पण सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं हे त्यातून कळत नाही. मला कृती हवी होती. कुणी बोलवायचं, कुठे बसायचं, पहिला प्रश्न कोणता विचारायचा, आणि आवाज चढले तर काय करायचं.

सगळ्यात जास्त माझ्या मनात रुतून बसली ती बोस्टनची गोष्ट. ३० डिसेंबर १९९४ ला बोस्टनजवळ ब्रुकलाइनमध्ये गर्भपाताच्या दोन क्लिनिकांवर एका माणसाने गोळीबार केला, दोन बायका गेल्या, पाच माणसं जखमी झाली. गर्भपात हा तिथे नुसता मतभेदाचा विषय नाही, एका बाजूला तो खून वाटतो आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या शरीरावरचा हक्क. मध्ये उभं राहायला जागाच नाही. त्यानंतर पब्लिक कॉन्व्हर्सेशन्स प्रोजेक्ट नावाच्या संस्थेने सहा बायकांना गाठलं, तीन या बाजूच्या पुढारी, तीन त्या बाजूच्या, आणि विचारलं, चार वेळा भेटाल का, गुपचूप. सप्टेंबर १९९५ मध्ये पहिली भेट झाली. गर्भपाताला विरोध करणाऱ्या तिघी आत जायच्या आधी जवळच्या एका हॉटेलात बसून प्रार्थना करत होत्या, इतकी धास्ती. समोरच्या बाईशी एका खोलीत बसणं हीच आपल्या लोकांशी गद्दारी ठरेल अशी भीती दोन्हीकडे होती.

पहिलं अडलं ते शब्दांवर. एकीचं म्हणणं 'न जन्मलेलं बाळ' म्हणा, दुसरी म्हणते तो 'गर्भ' आहे, आणि जो शब्द मान्य कराल त्यातच निम्मा वाद हरलात, हे दोघींनाही पक्कं माहीत. शेवटी 'मानवी गर्भ' हा शब्द ठरला, काहींनी नाइलाजाने का होईना पण मान्य केला. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले होते थोडा वेळ, कारण मला कधी सुचलंच नव्हतं की बोलणं सुरू व्हायच्या आधी शब्दांचा तह करावा लागतो. आमच्या ग्रुपवर आम्ही प्रत्येक जण आपापले शब्द फेकत होतो आणि समोरच्याला तो शब्दच चाबकासारखा लागत होता, मुद्दा पोचायचा प्रश्नच नाही.

चार भेटी ठरल्या होत्या, त्या बायका पाच वर्षांहून जास्त भेटत राहिल्या. मिळून दीडशे तासांच्या वर. मग जानेवारी २००१ मध्ये सहा जणींनी मिळून बोस्टन ग्लोबमध्ये लेख लिहिला आणि तेव्हा कुठे जगाला कळलं. त्या लेखातली सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे कुणाचंच मत बदललं नाही. उलट सहाही जणींनी कबूल केलं की आपली मतं अजून पक्की झाली. मग पाच वर्षांत बदललं काय? तर मधल्या काळात दुसऱ्या राज्यातला एक जहाल, हिंसेचं समर्थन करणारा प्रचारक तिथे येणार असं कळल्यावर गर्भपातविरोधी बाजूनेच त्याला येऊ नकोस म्हणून कळवलं. समोरच्यांच्या जिवाला धोका आहे असा सुगावा लागला तर आधी त्यांना सांगायचं असा रस्ता तयार झाला. जाहीर बोलताना शब्द निवडून वापरायला लागल्या, कारण आता ते शब्द कुणाला लागणार तिचा चेहरा माहीत होता.

मला हे वाचून आधी जरा निराशाच आली, खोटं कशाला बोलू. माझ्या मनात कुठेतरी होतं की नीट बसून बोललं की मैत्रिणीला माझं पटेल. म्हणजे मला पूल नको होता, मला ती माझ्या काठावर यायला हवी होती.

बोस्टनच्या त्या संस्थेच्या पद्धतीत तीन प्रश्न असतात, साधे, पण मी आजवर याच्याहून चांगले प्रश्न पाहिले नाहीत. एक, तुमच्या आयुष्यात असं काय घडलं की या विषयावर तुमचं हे मत झालं. दोन, या सगळ्यात तुमच्या दृष्टीने अगदी गाभ्याचं काय आहे. आणि तीन, तुमच्याच मताबद्दल तुम्हाला कुठे शंका वाटते, कुठे ओढाताण होते. तिसरा प्रश्न फार अवघड असतो हो, कारण आपल्या बाजूच्या माणसांदेखत आपली शंका बोलून दाखवायची असते.

हे करून बघायचं म्हणून आम्ही तिघा-चौघांनी मिळून एका वाचनालयाचा हॉल मागून घेतला आणि माणसं जमवली. पहिली बैठक फसली. विषय होता बाहेरून कामासाठी आलेली माणसं आणि इथली माणसं, जो जगात जाल तिथे पेटलेला असतो, आणि मी सुरुवातीलाच विचारलं की तुम्हाला काय वाटतं? झालं, पाच मिनिटांत टीव्हीवरची चर्चा सुरू. प्रत्येक जण आपलं पाठ केलेलं म्हणून दाखवत होता आणि समोरचा ऐकत नव्हता, आपली पाळी कधी येते ते बघत होता. चूक माझीच होती, प्रश्नच मताचा विचारला तर मतच येणार.

दुसऱ्या वेळी आम्ही खुर्च्या गोल मांडल्या, वाळूचं दोन मिनिटांचं घड्याळ आणलं, आणि नियम सांगितला की वाळू पडेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, आणि नंतरही उत्तर द्यायचं नाही, फक्त पुढच्याने आपलं सांगायचं. एक रिटायर्ड काका आले होते, हातात घडी घातलेला कागद, त्यावर मुद्दे आणि आकडे, पेपरची कात्रणं टाचलेली. त्यांच्यासमोर घड्याळ आलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, आयुष्यात काय घडलं. त्यांनी कागदाकडे बघितलं, परत घडी घातली आणि खिशात ठेवला. मग कारखाना बंद पडला तेव्हाचं सांगितलं, त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षं रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि बागेत बसून संध्याकाळी परत यायचा, घरात कुणाला कळू नये म्हणून, आणि त्याच्या जागी अर्ध्या पगारावर बाहेरचं माणूस लागलं होतं. वाळू संपली तरी ते तसेच बसले होते. त्यांच्या शेजारी एक पंचविशीची मुलगी, तिचे वडील तसेच बाहेरून आलेले, तिने सांगितलं की शाळेत पहिल्या वर्षी ती जवळजवळ बोललीच नाही, घरी आरशासमोर उभं राहून इथले उच्चार घोकायची, आणि वडील शाळेत आले की तिला त्यांच्या बोलण्याची लाज वाटायची, आणि त्या लाजेची आता लाज वाटते. निघताना दारात काकांनी तिला विचारलं, "बाबा काय काम करायचे गं तुझे?" ती म्हणाली, "लोडिंगचं, काका." ते म्हणाले, "पाठ गेली असेल मग." एवढंच. पण पहिल्या बैठकीत दीड तासात जे झालं नव्हतं ते त्या दारात झालं असं माझं प्रामाणिक मत आहे.

याच्या मागे रिसर्चही आहे. अमेरिकेत डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांचा २०१६ चा अभ्यास आहे, मायामीत घरोघरी जाऊन ट्रान्सजेंडर लोकांबद्दल साधारण दहा मिनिटं बोलायचं, पण भाषण नाही द्यायचं, समोरच्याला त्याच्या आयुष्यातला एखादा प्रसंग आठवायला लावायचा, तुम्हाला कधी वेगळं म्हणून वागवलं गेलं का, आणि ऐकायचं. त्याने पूर्वग्रह कमी झाला, आणि तीन महिन्यांनी मोजला तरी तो परिणाम टिकलेला होता. आणि मोअर इन कॉमन या संस्थेचा २०१९ चा सर्वे सांगतो की अमेरिकेत दोन्ही पक्षांच्या लोकांना वाटतं की समोरच्या बाजूला टोकाचे लोक खरे आहेत त्याच्या जवळजवळ दुप्पट आहेत, आणि जो जास्त बातम्या बघतो त्याचा अंदाज अजून चुकतो. मला हे वाचून माझे तास आठवले, फोनवर खाली खाली जात घालवलेले, आपण माहिती मिळवतोय असं समजून.

पण नुसतं बोलून भागतं का? माझं उत्तर आता नाही असंच आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की दोन गटांची माणसं जवळ आली की पूर्वग्रह कमी होतो, पण चार गोष्टी असतील तर जास्त, बसताना दर्जा बरोबरीचा हवा, काहीतरी सामाईक उद्दिष्ट हवं, ते मिळवायला एकमेकांची गरज लागायला हवी, आणि वरच्यांचा, म्हणजे कायदा, संस्था, रीत यांचा पाठिंबा हवा. पुढे २००६ मध्ये पेटीग्रू आणि ट्रॉप यांनी तोवरचे ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिले, बहुतेक ठिकाणी भेटीगाठींनी पूर्वग्रह कमीच झालेला दिसला. त्याच १९५४ साली मुझफ्फर शेरीफने ओक्लाहोमात २२ मुलांचं शिबिर घेतलं, दोन गट केले, स्पर्धा लावल्या, मुलं एकमेकांवर तुटून पडली, मग पाणी बंद पडल्याचं भासवलं आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधायला लावला, अशी एकेक सामाईक कामं दिली, तेव्हा कुठे दोस्ती झाली. हे सगळीकडे सांगतात. कमी सांगितली जाते ती त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. १९५३ मध्ये त्याने असंच शिबिर केलं होतं, तिथे मुलांची आधी ओळख होऊ दिली होती, आणि मग गट पाडले तर मुलं भांडेचनात, उलट त्यांना संशय आला की हे मोठेच आपल्याला भडकवतायत. तो प्रयोग फसला म्हणून गुंडाळला. मला तर तोच खरा यशस्वी वाटतो.

खेळाचीही दोन उदाहरणं आहेत, आणि दोन्ही मिळूनच वाचायला हवीत. इराकमध्ये आयसिसने विस्थापित केलेल्या ख्रिश्चनांच्या फुटबॉल टीम होत्या, सल्मा मूसा या संशोधिकेने काही टीममध्ये मुस्लिम खेळाडू मिसळले, काहींत नाही. मिसळलेल्या टीममधली मुलं सहा महिन्यांनीही मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करत होती, मैदानावर सगळं छान, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दल फारसा फरक पडला नव्हता. आणि उत्तर प्रदेशात मॅट लो याने वेगवेगळ्या जातींच्या तरुणांची क्रिकेट लीग घेतली, त्यात एका टीममधून खेळलेल्यांची जातीपलीकडे मैत्री वाढली, समोरासमोर खेळलेल्यांची वाढली तर नाहीच, उलट कमी झाली. म्हणजे नुसतं एकत्र आणलं की झालं असं नाही, कशासाठी आणलं ते महत्त्वाचं.

आणि मग जागा. याच्यावर मी कितीही बोलू शकते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत भयानक उष्णतेची लाट आली, सातशेच्या वर माणसं गेली, बरीचशी म्हातारी, एकटी राहणारी. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर एकमेकांना लागून असलेल्या वस्त्या ताडून बघितल्या. एंगलवूड आणि ऑबर्न ग्रेशम, दोन्हीकडे कृष्णवर्णीय लोक, दोन्ही गरीब, एकट्या म्हाताऱ्यांचं प्रमाणही सारखंच. एका वस्तीत मृत्यू लाखामागे ३३, दुसरीत लाखामागे ३. फरक कशात, तर एंगलवूडमधली माणसं निघून गेली होती, दुकानं बंद, प्लॉट ओसाड, आणि ऑबर्न ग्रेशममध्ये फुटपाथवर वर्दळ होती, दुकानं चालू होती, चर्चची आणि गल्लीगल्लीतली मंडळं होती, त्यामुळे अमक्या आजी दोन दिवस दिसल्या नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात येत होतं. कुणी कुणावर फार प्रेम करत होतं असं नाही. फक्त रोज दिसत होते. वाचनालय, बाग, बसायला चार बाक, चालता येईल असा रस्ता, याला तो सामाजिक पायाभूत सुविधा म्हणतो, रस्ते आणि पाइपलाइनीसारखीच. आपण बाक काढून टाकतो तेव्हा काय काढून टाकतो याचा विचार कुणी करतं का?

आशुतोष वार्ष्णेय यांचं याच्या पुढचं म्हणणं आहे, भारतातल्या हिंदू-मुस्लिम दंग्यांच्या अभ्यासावरून. शेजारपाजारचं येणंजाणं चांगलंच, पण मोठ्या शहरात तणाव पेटला की ते पुरत नाही, तिथे दोन्ही समाज ज्यांत एकत्र आहेत अशा संघटना टिकाव धरतात, व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, वकील-डॉक्टरांच्या. आणि त्या नसतील तर उभ्या करता येतात, भिवंडीत १९८४ ला मोठी दंगल झाली होती, तिथे १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, दोन्हीकडची साधी माणसं नियमित भेटायला लागली, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. सगळं शांत असताना बसायची सवय लावली होती, म्हणून.

आता एक गोष्ट जी या विषयावरच्या गोड लेखांमध्ये मला सापडत नाही. पूल बांधायचं ओझं बहुतेक वेळा ज्याला लागलंय त्याच्याच डोक्यावर येतं. आमच्या बैठकीला ती मुलगी तिसऱ्यांदा आली नाही. मी फोन केला तर म्हणाली, "ताई, छान असतं सगळं, पण दर वेळी मीच माझं दुःख उघडून दाखवायचं आणि त्यांनी शहाणं होऊन घरी जायचं, मला थकायला होतं." मला काही उत्तर देता आलं नाही, आणि अजूनही पूर्ण उत्तर नाही. तमार सागी आणि तिच्या सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास हेच दाखवतो, बलवान आणि दुबळ्या गटाला फक्त आपल्यात काय सारखं आहे यावर बोलायला लावलं की दुबळ्यांना वाटायला लागतं आता हे आपल्याशी न्यायाने वागतील, आणि वाटपाची वेळ आली की बलवान तसं वागत नाहीत. म्हणून मी आता बैठक ठरवताना आधी बघते की इथे कुणाला गमवायला जास्त आहे, आणि पहिलं बोलायला त्याला सांगत नाही. विषय गोड गोड ठेवत नाही. आणि कुणाला यायचं नसेल तर का नाही म्हणून मागे लागत नाही. न्याय बाजूला ठेवून सलोखा मागणं हा मला अपमान वाटतो, मागणारा कितीही सज्जन असला तरी.

मैत्रिणीचं राहिलंच. दीड वर्षाने मी तिला मेसेज केला, चार ओळींचा. मतांबद्दल काही नाही, फक्त ते एक वाक्य माझं चुकलं, तू 'लोक' नाहीस, असं. नऊ दिवसांनी उत्तर आलं, "वाचलं." मी तेवढ्यावर गप्प बसले. पुढे काही महिन्यांनी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका ग्रुपला माणसं हवी होती, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने पुस्तक समोर धरून चुका तपासायच्या, अशा जोड्या. तिचा आवाज पहिल्यापासून सुंदर. मी विचारलं, येशील का? ती म्हणाली, "तू तपासणार असशील तर येते, तू बारीक चुका काढतेस."

आता दर शनिवारी दोन तास. आम्ही आजही मत वेगवेगळं देतो, आणि एक नियम केलाय की तो विषय फोनवर टाइप करायचा नाही, काढायचाच तर समोरासमोर. दोनदा काढला. एकदा ती रडली, एकदा मी उठून बाहेर गेले आणि पाणी पिऊन परत आले. सध्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक चालू आहे, त्यातला एक उतारा तिला अजिबात पटत नव्हता, तिच्या कपाळावरची आठी मला काचेपलीकडून दिसत होती, पण आवाज जराही हलला नाही, स्वच्छ वाचून काढला तिने. पान संपल्यावर तिने हेडफोन खाली केले आणि विचारलं, "नीट आलं का?" मी म्हटलं, "तिसऱ्या ओळीत एक शब्द गिळलास." तिने मान हलवली, पाण्याचा घोट घेतला आणि तो उतारा परत पहिल्यापासून वाचायला घेतला.